टेबलाची पाठ

आमच्या चंद्रपूरच्या घरात, बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या लाकडावर एक शिक्का आहे. हातोड्याने ठोकलेला, अंगठ्याएवढा, आत दोन अक्षरं आणि एक आकडा. घरी येणारा प्रत्येक जण आधी शिक्क्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. शिक्का खरा आहे, लाकूड पावतीचं आहे आणि तो तिथे दिसावा असा माझा मुळीच इरादा नव्हता. ही हकीकत माझी बायको सांगते तेव्हा गोष्ट लहान होते आणि मी जास्त बावळट दिसतो. म्हणून एकदा मीच नीट लिहून ठेवतो.

मी कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक किती, रिकामा किती, वजाबाकी करून माल किती, हे दिवसभर बघायचं. बायको त्याच रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षकांची शाळा, चौथीपर्यंतची. पहिलीत येणारी बरीच मुलं घरून गोंडी बोलत येतात. नोकरीला लागली तेव्हा तिने आधी त्यांच्याकडून उंदी, रंड, मूंद असे आकडे शिकून घेतले आणि मग त्यांना आपले शिकवले. आता त्या मुलांची मुलं तिच्या वर्गात आहेत. सकाळी आम्ही एकाच बसने निघतो. ती आधी उतरते, आणि बसमधून बघितलं तर शाळेच्या फाटकाशी मुलं तिची पिशवी घ्यायला उभी असतात.

अशा बाईला मागच्या वर्षी सांगण्यात आलं, की जुन्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा पास व्हावी लागेल, आणि दिलेल्या मुदतीत झाली नाही तर नोकरी जाईल. पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड गाइड घेऊन आली. एका रविवारी मी घड्याळ लावून तिला नमुना प्रश्नपत्रिका सोडवायला दिली आणि उत्तरं तपासली. ती चांगल्या फरकाने नापास झाली. मी आकडा सांगितला, कारण आकडा लपवता येत नाही. तिने गाइड मिटलं, उठून कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "नोकरीचं जाऊ द्या. पोरांले काय सांगू? की बाईलेच येत नव्हतं?"

यावर सांत्वन करायचं सोडून मला सुचलं ते टेबल.

तोवर ती अभ्यास करायची तो पलंगावर आडवी होऊन, नाहीतर स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीला गाइड टेकवून. माझ्या मते नापास होण्याचं कारण तिथेच होतं. काटाच हलत असेल तर वजन बरोबर कसं येणार? तिला एका पक्क्या, सपाट जागेची गरज होती. पण आमच्या बैठकीत दिवाण आहे, लोखंडी कपाट आहे आणि कूलर आहे. कूलर होळीपासून पावसाळा लागेपर्यंत खिडकीत असतो आणि उरलेलं वर्ष जुन्या चादरीत गुंडाळलेला कोपऱ्यात उभा असतो, घरातल्या एखाद्या रुसलेल्या माणसासारखा. शिवाय ऑक्टोबरात धम्मचक्राच्या मेळाव्याला बायकोच्या माहेरचे लोक वडसा भागातून येतात. तेव्हा बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरुणं पडतात. एका वर्षी मी हिशोब केला होता, माणसाच्या वाट्याला पावणेदोन फूट रुंदी येते. तिथे टेबलाचे चार पाय कुठे उभे करायचे?

म्हणून मी भिंतीवर घडीचं टेबल करायचं ठरवलं. बुद्धाच्या तसबिरीखाली भिंत मोकळी होती. तिथे चार इंच खोल लाकडी खण ठोकायचा, त्यात पुस्तकं राहतील. खणाच्या खालच्या कडेला बिजागऱ्यांनी एक फळी जोडायची आणि दोन्ही बाजूंना साखळ्या. फळी खाली पाडली की टेबल. वर उचलून खटका लावला की खण बंद आणि खोली मोकळी. मोबाइलवर असे पुष्कळ व्हिडिओ आहेत. त्यांत सगळे लोक फळी पाडतानाच दाखवतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लाकूड सागाचंच हवं होतं. जंगलाच्या जिल्ह्यात राहून भिंतीवर प्लायवूड लावायचं म्हणजे मला बरं वाटेना. पण सागाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. आमच्या भागात कुणाच्या घरी नवा सागवानी पलंग दिसला, की बघणारा आधी नक्षीचं कौतुक करतो आणि मग हळूच विचारतो, "कुठून आणला?" चोरट्या लाकडाचा तो प्रश्न मला माझ्या घरात नको होता. लाकूड चिरायच्या आरामशीनवर मी दोन फळ्या निवडल्या, पावती घेतली आणि म्हणालो, यावर शिक्का मारून द्या. तिथला माणूस म्हणाला, एवढ्याशा मालाला शिक्का कोण मागतं? मी म्हणालो, मी मागतो. फळी कडेला पातळ, तिथे शिक्का बसेना. मग त्याने गिरणीचा हातोडा आणला आणि फळीच्या पाठीवर मधोमध एक घाव घातला. मी समाधानाने फळ्या ऑटोत घालून घरी आणल्या. वाटेत कुणीही अडवलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

त्यानंतरचे बरेच रविवार मी दारासमोरच्या ओट्यावर काढले. दोन फळ्या कडेला कड जोडून एक रुंद फळी करायची होती. वरच्या बाजूला मी रेषा अशा जुळवल्या, की सांधा बोटाने लागतो पण डोळ्यांना दिसत नाही. सागाच्या रेषा एका फळीतून दुसरीत पाण्यासारख्या वाहत जातात. रंधा मारला, पॉलिशचे हात दिले, प्रत्येक हातानंतर घासून काढलं. पाठीमागे मात्र एका फळीत कुत्र्याच्या डोळ्यासारखी गाठ होती आणि दुसरीत शिक्का. तिथे रंधा मारला असता तर शिक्का गेला असता, म्हणून पाठ मी तशीच खडबडीत ठेवली. टेबलाची पाठ कोण बघतो?

फळीचं वजन काढायला मी घरच्या वजनयंत्रावर आधी फळी घेऊन उभा राहिलो आणि मग फळीशिवाय. वजाबाकी साडेसहा किलो आली. त्यात बायकोचे दोन हात, गाइड आणि डुलकी लागली तर डोकं, असं धरून मी साखळ्या आणि स्क्रू घेतले. डोक्याचा विषय मी तिच्यासमोर काढायला नको होता. उंचीसाठी तिला खुर्चीवर बसवून कोपराखाली टेप धरला, तेव्हा तिच्या हातात झारा होता आणि कढईत पुरी. "ब्लाऊजचं माप घेऊन राह्यले का टेबलाचं?" तिने विचारलं आणि उठून गेली. तरी एकोणतीस इंच बरोबर आलं होतं. टेबल लागलं त्या दिवशी मी फळी पाडून वर लेव्हल ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला. मी बायकोला बोलावून बुडबुडा दाखवला. तिने तो बघितला, छान आहे म्हणाली आणि टेबलावर मटाराच्या शेंगा सोलायला घेतल्या.

अभ्यासाला ती बसली, नाही असं नाही. पण खुर्ची सरकवून, गाइड उघडून, पेन हातात घेतलं की तिचे डोळे जड व्हायला लागायचे. मग ती उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची, कपाटातल्या साड्यांच्या घड्या बदलायची. मी दिवा बदलून पाहिला, खुर्चीवर उशी ठेवली, उंची परत मोजली. शेवटी तिनेच सांगून टाकलं, "खुर्ची-टेबलावर बसलं की मले मीटिंगला आल्यासारखं वाटते. झोपच येते." तिच्या मीटिंगा मला माहीत होत्या. बावीस वर्षांत ती खुर्चीवर बसली असेल तर त्या मीटिंगांमध्येच. एका खोलीत दोन वर्ग असले की बाईला बसायला मिळतच नाही. मला हे माहीत होतं, तरी मी ते हिशोबात धरलं नव्हतं. दुसऱ्या नमुना प्रश्नपत्रिकेत तिचे गुण वाढले, पण पास व्हायला तेवढे पुरणारे नव्हते. तिने आकडा विचारला नाही. मीही या वेळी सांगितला नाही. परीक्षा दिवाळीनंतर होती आणि ऑक्टोबर आला होता.

पाहुणे नेहमीप्रमाणे वडशाहून गाडीने आले. त्यांत बायकोची मावशी होती. धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलात जन्म काढलेली बाई, बोलते कमी पण बोलली की चार घरांत पोचतं. आणि बायकोचा धाकटा भाऊ होता. तो वडशाच्या एका नाटक कंपनीत पडदे आणि देखावे रंगवतो. हिवाळाभर त्याचे दरबार, जंगलं आणि तुरुंग गावोगाव ट्रकमधून हिंडतात. या वेळी मेळाव्यासोबत मोसमासाठी रंग विकत घ्यायचे म्हणून तो मोठी पिशवी घेऊन आला होता. त्याची कामाची रीत माझ्या उलट. तो विती टाकून मोजतो, आणि पुढून चांगलं दिसलं की त्याचं काम झालं. मागे बांबू, खिळे, फाटकं पोतं, काहीही असो, प्रेक्षक मागे येत नाही, असं तो म्हणतो.

सगळे आत आले. मी आधीच फळी वर करून खटका लावून ठेवला होता, खोली कशी मोकळी आहे हे लोकांनी बघावं म्हणून. लोकांनी खोली बघितली नाही. सगळे भिंतीकडे बघत उभे राहिले. बुद्धाच्या शांत तसबिरीखाली खडबडीत, गाठाळ, पॉलिश न लागलेलं लाकूड, आणि त्यावर हातोड्याचा शिक्का.

मावशीने लाकडाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "जवाई, हे दार कुठी जाते?"

मी म्हणालो दार नाही, टेबल आहे. मेहुणा शिक्क्याजवळ वाकून बघत होता. तो म्हणाला, "दार नाई मावशी, जंगलाचा नाका हाये. तुह्यी पिशवी दाखव आन् पावती घे."

त्या क्षणी माझी चूक माझ्या लक्षात आली. घडीच्या टेबलाची जी बाजू लिहिताना वर असते, ती बंद केल्यावर आत जाते. आणि जी खाली असते, ती खोलीकडे येते. बायको बसली तर दिवसातून दोन-तीन तास बसणार होती. उरलेले सगळे तास लोक टेबलाची पाठच बघणार होते. मी उघड्या टेबलाची सगळी गणितं केली होती. बंद टेबलाचं एकही केलं नव्हतं.

निदान चांगली बाजू दाखवावी म्हणून मी खटका काढला. तोवर खाली अंथरुणं पडली होती आणि मावशी तिच्या वाट्याच्या पावणेदोन फुटांत आडवी झाली होती. फळी तिच्या बरोबर वर येऊन थांबली. मी सांगत होतो की वरून बघा, रेषा बघा, सांधा दिसतो का सांगा. मावशीने खालून उत्तर दिलं, की तिला फक्त गाठ दिसते आणि ती तिच्याकडे डोळा वटारून राह्यली. सगळे हसले. बायको सर्वांत जास्त हसली, आणि ती अशी हसून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी फळी वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला गेलो. परत आलो तेव्हा मेहुण्याने रंगाचे डबे उघडले होते. त्याचा विचार असा होता, की टेबलाच्या पाठीवर दरबाराचं दार रंगवायचं. दोन खांब, कमान, वर मोर. डाव्या बाजूचा एक खांब झालाही होता, सोनेरी, त्यावर वेल. मी विचारलं की उजवा खांब डाव्याएवढाच येईल कशावरून. त्याने वीत टाकून दाखवली आणि म्हणाला, "भाऊजी, दहा हात दूर बसणाऱ्याले कोणता खांब जाड हाये ते दिसत नाई." मी म्हणालो, आमच्या खोलीत दहा हात अंतरच नाही. त्याने शिक्क्यावर मोर काढायचं म्हटलं, त्याला मात्र मी ठाम नकार दिला. शिक्का झाकला तर तो मारून घेतला कशाला? या वादात जेवणाची वेळ झाली, मग सगळे मेळाव्याला गेले, आणि खांब एकटाच राहिला.

संध्याकाळी सगळे थकून परत आले. पाय पसरून, भिंतींना टेकून बसले. टेबल पाडायला जागा नव्हती, म्हणून बायको स्वयंपाकघरात वरणाजवळ उभी राहून गाइड पुटपुटत होती. मावशीने इथून विचारलं की आतमध्ये कोणाशी बोलते. बायको बाहेर आली आणि म्हणाली, परीक्षेचं आहे, लहान मुलं विचार कसा करतात त्याचं. मावशी म्हणाली, त्याले पुस्तक कायले पाहिजे, सांग बरं काय लिहिलं हाये.

बायकोने स्वयंपाकघरातून एक पसरट वाटी आणली आणि एक उंच पेला. वाटीत पाणी घेतलं, सगळ्यांसमोर ते पेल्यात ओतलं आणि विचारलं, पाणी वाढलं का कमी झालं? मग म्हणाली, तेवढंच आहे हे आपल्याला कळतं, पण लहान मुलाला विचारलं तर ते उंच पेल्यात जास्त आहे असं सांगेल. ते खोटं बोलत नाही. त्या वयात त्याला एका वेळी एकच गोष्ट दिसते, उंची दिसली की रुंदी दिसत नाही. मेहुणा म्हणाला की चहाच्या टपरीवर यासाठीच उंच ग्लास असतात. मावशीला मात्र पटलं नाही. तिने विचारलं, मग पोरगं कोणत्या वयात सुधरते?

याचं उत्तर लांब होतं. त्यात टप्पे होते. बायकोने सवयीने पर्समध्ये हात घातला, खडूचा तुकडा काढला, आणि लिहायला काही नव्हतं म्हणून सरळ माझ्या टेबलाच्या पाठीवर लिहायला लागली. मी अर्धा उठलो होतो. पण खडबडीत लाकडावर खडू असा छान उमटला, की मी परत बसलो. शाळेत भिंतीच्या खालच्या अंगाला मुलांसाठी बुटके फळे रंगवलेले असतात, तेवढीच ती उंची होती. वाकून लिहायची तिला सवय होती, आणि समोरचा वर्ग जमिनीवरच बसलेला होता. तिने चार टप्पे लिहिले, प्रत्येकासमोर एक उदाहरण, उदाहरणं सगळी तिच्या शाळेतली. पदर खोचलेला, आवाज मागच्या माणसापर्यंत जाणारा. जांभई नाही, खिडकीपाशी जाणं नाही. मी हळूच टेबलाच्या खणातलं नव्हे, तिने स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेलं गाइड आणलं आणि ताडून बघायला लागलो. एकही गोष्ट चुकली नव्हती. जो टप्पा तिला नमुना प्रश्नपत्रिकेच्या वेळी खुर्चीवर बसून आठवला नव्हता, तो ती मावशीला सोपा करून सांगत होती.

वरण लागायला आलं तेव्हा वर्ग सुटला. मावशीने उठताना एवढंच म्हटलं, "आता समजलं. जवाईनं टेबल उलटं नाई लावलं. तुले सुलटं बसता येत नाई."

रात्रभरात बायकोने ठरवलं. सकाळी तिने भावाला सांगितलं की मोर राहू दे, काळा रंग आहे का ते सांग. काळा रंग होता, तुरुंगाच्या देखाव्यासाठी घेतलेला. त्याला वाईट वाटलं, कारण दार अर्ध्यात सोडायचं होतं, पण बहिणीपुढे त्याचं चालत नाही. त्याने पाठ काळी केली. गाठ काळी झाली. डावा खांब मात्र त्याने अर्धा ठेवला, आठवण म्हणून. शिक्क्याभोवती मी स्वतः टेपने चौकोन मापून दिला आणि तेवढी जागा कोरी ठेवायला लावली. तो म्हणाला, "भाऊजी, हा चौकोन किती नीट आला बघा. आमच्या तुरुंगाले अशी एक खिडकी पाहिजे होती." मग गाडीच्या वेळेला सगळे निघून गेले आणि घरात परत दोघंच उरलो.

आता अडचण अशी, की रिकाम्या खोलीला शिकवता येत नाही. तिने एक दिवस प्रयत्न केला आणि सोडला. मग तो वर्ग मी झालो. कारखान्यातून आलो की हातपाय धुवून जमिनीवर मांडी घालून बसायचं, खुर्चीवर बसलं तर चालत नव्हतं, तिला वरून बघायची सवय आहे. कधी मी पहिलीत असायचो, कधी चौथीत. पहिलीत असताना मी वजनाचा हिशोब मध्येच दुरुस्त केला, तर तिने सांगितलं की पहिलीच्या मुलाला टन माहीत नसतो. एकदा कारखान्यातून बोलावणं आलं म्हणून फोन घ्यायला बाहेर गेलो, तर आत येताना विचारावं लागलं. परिसर अभ्यास मला तसा येत होता. भाषेच्या तासाला मी झोपलो, हे खरं आहे, आणि मीटिंगचा तिचा मुद्दा मला तेव्हा नीट समजला.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत केंद्रापर्यंत गेलो. बाहेर चहाच्या टपरीवर तिच्यासारख्याच बायांचे नवरे उभे होते. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात बायकोच्या चपलांची पिशवी. चहा उंच ग्लासात आला.

ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. बसमध्ये जागा मिळाल्यावर म्हणाली, "हात उभा राहूनच लिहायचा म्हणत होता. मग मी डोळे मिटले. तुमच्या शिक्क्याच्या उजव्या अंगाले काय लिहिलं होतं ते आठवलं, खांबाच्या खाली काय होतं ते आठवलं. तसे तसे गोल भरत गेली." मी विचारलं की शिक्क्याच्या डाव्या अंगाचं आठवलं का. ती म्हणाली, तिथं तुम्ही बसता तेव्हा डोकं येते, तिथलं थोडं गेलं.

निकाल लागला तेव्हा मी काट्यावर होतो. तिने गुण पाठवले, फक्त आकडा, बाकी काही नाही. मी पास होण्याचा आकडा त्यातून वजा केला. फार उरलं नाही, पण जे उरलं ते पुरेसं होतं. त्या दिवशी एका ट्रकचं रिकामं वजन मी दोनदा लिहिलं आणि ड्रायव्हरने ते दाखवून दिलं. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ती शाळेच्या थांब्यावर चढली. मुलांना सांगितलं का, मी विचारलं. सांगितलं, ती म्हणाली. चौथीतल्या एकीने विचारलं की बाई, तुमचा पहिला नंबर आला का. खरं काय ते तिने सांगून टाकलं.

मला वाटलं आता टेबल टेबल होईल. येत्या रविवारी काळा रंग घासून काढायचा, पाठीलाही रंधा मारायचा, शिक्क्याच्या भोवतीने जपून, असं मी मनात मांडलं होतं. घासकागद आणलाही. तो तसाच कपाटावर आहे. तिच्या भागातल्या शाळांमधल्या ज्या बाया या खेपेला नापास झाल्या, त्या आता रविवारी सकाळी आमच्याकडे येतात. त्या जमिनीवर बसतात, बायको उभी राहते, मी चहा करतो. पहिल्या दिवशी त्यांतली एक शिक्क्याकडे बोट दाखवून म्हणाली, हे काय जी? माझी बायको म्हणाली, ते महत्त्वाचं आहे, त्याच्या उजवीकडचं नीट लक्षात ठेवा.

तेव्हा टेबल बंदच आहे. सागाच्या रेषा भिंतीकडे तोंड करून आत आहेत, त्या बघणारा माणूस घरात मी एकटा. कधी बायको बाजारात गेली की मी खटका काढतो, फळी सावकाश खाली घेतो, हात फिरवतो आणि वर लेव्हल ठेवतो. बुडबुडा अजून मध्येच थांबतो. मग सगळं होतं तसं करून, चादरीतल्या कूलरजवळ पेपर वाचत बसतो. ती येते, पिशवी ठेवते, माझ्या पँटवर गुडघ्यापाशी पांढरं बघते. फळी पाडली की पाठीवरचा खडू खाली झडतो, याचाही हिशोब मी केला नव्हता.

"माह्या फळ्याले हात लावला वाटते," ती म्हणते, आणि भाजी निवडायला आत जाते.